शेरीनाला, बंधाऱ्याचे बरगे आणि सव्वातीन टीएमसी : सांगलीच्या कृष्णेचा नकाशा मांडताना

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मरून काठाला लागले. त्यानंतर गावात जी चर्चा झाली ती दर उन्हाळ्यात थोड्याफार फरकाने होतच असते. कुणी म्हणतं मळीचं पाणी सोडलं, कुणी शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याकडे बोट दाखवतं, कुणी म्हणतं कोयनेतून पाणी सोडलं की सगळं ठीक होईल. मासे कुणामुळे मेले याचा निवाडा इथे करायचा नाही, तो यंत्रणांचा विषय आहे. हे प्रकरण नियोजनाचं आहे. सांगली शहरालगतच्या कृष्णेचं पाणी उन्हाळ्यात सुधारायचं असेल, तर पैसा आणि पाणी आधी कुठे घालायचं? आणि भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जागेनुसार माहितीचे थर नकाशावर मांडणारं जीआयएस, हे ठरवायला खरंच मदत करते का, की अहवालात रंगीत नकाशे चिकटवण्यापुरतीच ती उरते?

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढच्या हिशेबातले नदीचा प्रवाह, खोली, रुंदी, वरून येणाऱ्या पाण्याची प्रत आणि नाल्यातल्या घाणीची तीव्रता हे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. सूत्रं, निकष आणि भूगोल मात्र खरे आहेत. मोजलेले आकडे मिळाले की त्याच रकान्यांत भरायचे.

नदीचा पट्टा

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून येते. संगम माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना आणि ब्रह्मनाळजवळ येरळा. मग सांगली शहर लागतं आणि शहर ओलांडल्यावर हरिपूरला वारणा मिळते. पुढे अंकली आणि मिरजेचा कृष्णा घाट. हा क्रम इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतो, तरी पाण्याच्या प्रतीचे नकाशे करताना तोच सर्रास विसरला जातो.

प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या नमुना केंद्रांचे बिंदू नकाशावर टाकायचे, सॉफ्टवेअरमधलं इंटरपोलेशनचं, म्हणजे मधल्या जागांचे आकडे अंदाजाने भरण्याचं, बटण दाबायचं आणि तालुकाभर हिरवा, पिवळा, लाल रंग पसरवायचा, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. विहिरींच्या पाण्यासाठी ती एक वेळ चालेल. नदीसाठी ती चूकच आहे. सांगलीच्या घाटावरचा बिंदू आणि वारणेवरचा बिंदू सरळ रेषेत जवळ आहेत म्हणून सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढतं. पण हरिपूरच्या संगमापर्यंत ही दोन पाणी एकमेकांना भेटलेलीच नसतात. मधल्या उसाच्या रानावर पसरलेल्या त्या रंगाला काहीही अर्थ नसतो.

याचं व्यवहारातलं नुकसान असं. अंकलीच्या पुलाजवळ घेतलेला नमुना बरा निघाला, तर लगेच निष्कर्ष निघतो की शेरीनाल्याचा फारसा परिणाम होत नाही. पण अंकलीला पोचलेल्या पाण्यात वारणा मिसळलेली असते, म्हणजे चांदोली धरणातून आलेलं पाणी. ते अंकलीला आणि मिरजेला उपयोगी पडतं, सांगलीच्या घाटाला त्याचा थेंबही मिळत नाही. म्हणून या प्रकरणात नदी पृष्ठभाग म्हणून न घेता रेषा म्हणून घेतली. पाटबंधारे खात्यात कालव्याला साखळी, म्हणजे काठाकाठाने मोजलेलं किलोमीटरचं अंतर, असते तशी नदीला साखळी लावली. शून्य कुठे, येरळा कितव्या किलोमीटरला, नाला कितव्या, बंधारा कितव्या, वारणा कितव्या, हे ठरवलं. प्रत्येक जावक, उपसा आणि नमुना त्या साखळीवर बसवला. नकाशाचे सगळे थर एकमेकांवर नीट बसावेत म्हणून यूटीएम 43 उत्तर या एकाच प्रक्षेपणात आणले. जुने टोपोशीट, म्हणजे सरकारी भूनकाशे, एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मोजणी-आधारावरचे असतात. ते तसेच ठेवले तर नदी काठ सोडून शेतात शिरलेली दिसते आणि सगळी अंतरं बिघडतात.

नाल्याचं खोरं शोधताना

नाल्याचं पाणी कुठून येतं हे कळल्याशिवाय त्यात किती घाण येते हे सांगता येत नाही. त्यासाठी उंचीचा नकाशा लागतो. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटचा 30 मीटरचा मिळतो, अमेरिकी एसआरटीएमचाही मिळतो. त्यावर काम करणारं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. खड्डे भरा, उताराची दिशा काढा, प्रवाह गोळा करा, पाणलोटाची हद्द तयार.

वाईच्या वरच्या डोंगरात हे सुरेख जमतं. सांगलीत जमत नाही. इथली जमीन इतकी सपाट आहे की या नकाशांतली काही मीटरची चूक शहरातल्या एकूण उतारापेक्षा मोठी ठरते. शिवाय उपग्रहाला जमीन दिसत नाही, घरांची छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतात. रस्त्याचा भराव नाल्याला आडवा जातो तिथे काय होतं ते पडद्यावर स्पष्ट दिसतं. प्रत्यक्षात भरावाखाली मोरी असते आणि पाणी सरळ पुढे जातं. नकाशाला मोरी दिसत नाही, त्याच्या लेखी तो भराव म्हणजे धरण. मग गणितातला नाला भरावापाशी थांबतो, रस्त्याच्या कडेने वळतो आणि पुढे एखादी सखल जागा सापडली की भलत्याच वस्तीतून नदीकडे उतरतो. त्या एका वळणामुळे अख्खा वॉर्ड एका नाल्याच्या खोऱ्यातून दुसऱ्याच्या खोऱ्यात जातो.

यावर एकच उपाय आहे, नाल्याच्या कडेने चालणं. मोबाइलच्या जीपीएसवर रेषा नोंदवायची, प्रत्येक मोरीला बिंदू टाकायचा, गटार नाल्याला कुठे मिळतं ते बघायचं आणि ती रेषा उंचीच्या नकाशात कोरायची. मग गणितातलं पाणी खऱ्या नाल्यातून वाहतं. शहरातलं सांडपाणी उतारावर कमी आणि पाइपांवर जास्त अवलंबून असतं, म्हणून भुयारी गटारांचा नकाशा हाही वेगळा थर हवा. तो सहसा कागदावर असतो, फाटलेला असतो आणि एखाद्या निवृत्त मिस्त्रीच्या डोक्यात असतो. त्या मिस्त्रीला नकाशासमोर बसवलं तर दुपारभरात जे कळतं ते कुठल्याही उपग्रहातून कळत नाही. माझ्या मते अशा कामात पहिला खर्च याच गोष्टीवर व्हावा.

खोरं पक्कं झालं की वॉर्डनिहाय लोकसंख्या त्यावर बसवायची. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 5,02,793 होती. अर्थात हे तिन्ही शहरांचं सांडपाणी एकाच नाल्यात येत नाही, म्हणूनच वॉर्डांची वाटणी लागते. प्रचलित मानकानुसार माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्याच्या 80 टक्के सांडपाणी धरतात. सेंद्रिय घाण माणशी 27 ग्रॅम बीओडी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप.

हिशेब

नाल्यातून रोज 15 एमएलडी, म्हणजे दीड कोटी लिटर पाणी येतं आणि त्याची बीओडी लिटरला 120 मिलिग्रॅम आहे असं धरलं. म्हणजे रोज 1,800 किलोचा भार, साधारण सहासष्ट हजार माणसांचा. नदीत वरून येणाऱ्या पाण्याची बीओडी 2.5 धरली. अंघोळीच्या पाण्यासाठीचा निकष 3 आहे. 3 च्या वर गेलेला नदीपट्टा केंद्रीय मंडळाच्या यादीत प्रदूषित म्हणून येतो. 2018 च्या यादीत देशातले 351 पट्टे होते, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले.

नदीत 700 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 700 घनफूट, वाहत असताना नाला मिसळल्यावर बीओडी 3.5 होते. नदी 175 क्युसेकवर आली की तोच नाला तिला 6.5 वर नेतो. पावसाळ्यानंतर 3,500 क्युसेक असताना मात्र 2.7, म्हणजे निकषात. नाला बारा महिने तोच आणि तेवढाच, उत्तर मात्र महिन्यागणिक बदलतं. म्हणून या पट्ट्याचा एकच वार्षिक सरासरीचा नकाशा करायला माझा ठाम विरोध आहे. पावसाळ्यातले चार चांगले आकडे मेमधला वाईट आकडा झाकून टाकतात आणि नियोजनाच्या बैठकीत नदी पिवळ्या रंगात दिसते.

आता 'पाणी सोडा' या मागणीकडे येऊ. नाल्याला हात न लावता नुसतं पाणी वाढवून बीओडी 3 वर आणायची, तर नदीत सतत 1,440 क्युसेक वाहायला हवेत. 175 वरून तिथवर जायचं म्हणजे महिन्याला सव्वातीन टीएमसी (अब्ज घनफूट) जास्तीचं पाणी, तेही एका नाल्याची घाण पातळ करण्यासाठी. कोयनेची क्षमता 105 टीएमसी आहे, पण कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने त्यातलं 67.5 टीएमसी पश्चिमेकडे वीजनिर्मितीला दिलेलं आहे. उरलेल्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आहेत, नदीकाठचा ऊस आहे आणि गावोगावचं पिण्याचं पाणी आहे. आटपाडी-जतच्या माणसाला सांगून बघा की तुझं आवर्तन कमी करतो, सांगलीचा नाला पातळ करायचाय. तो काय उत्तर देईल ते सांगायला मॉडेल लागत नाही. मासे मरायला लागल्यावर चार दिवस पाणी सोडणं वेगळं, ते करावंच. पण ती योजना होऊ शकत नाही.

बरगे

या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मला बंधारा वाटते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घातले की मागे पाणी तुंबतं, उपशाला मिळतं, आणि ते गरजेचंच आहे. पण त्या फुगवट्यात नदीची हवा खाण्याची ताकद जाते.

घाण कुजताना ऑक्सिजन संपतो आणि वरून हवेतून नवा विरघळतो, या दोन वेगांची शर्यत स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासात 1925 मध्ये सूत्रात बांधली. नदीच्या पाण्याची प्रत काढणारी आजची क्वाल-टू-के सारखी सॉफ्टवेअरं याच पायावर उभी आहेत. हवा मिसळण्याचा वेग पाण्याच्या गतीवर आणि खोलीवर ठरतो. पाणी उथळ आणि वाहतं असेल तर भराभर मिसळते, खोल आणि संथ असेल तर अगदी सावकाश.

28 अंश तापमान आणि 700 क्युसेक धरून नाल्याखालचे तीन किलोमीटर बघितले. बरगे नसताना खोली दीड मीटर आणि गती सेकंदाला 30 सेंटिमीटर धरली, तर पाणी पावणेतीन तासांत निघून जातं आणि शेवटी विरघळलेला ऑक्सिजन 6.9 मिलिग्रॅम राहतो. बरगे घातल्यावर खोली चार मीटर आणि रुंदी 120 मीटर धरली, तर तेच पाणी जायला वीस तास लागतात आणि ऑक्सिजन 5.7 होतो. अजून ठीक आहे. पण फुगवटा तसाच ठेवून प्रवाह 175 वर आणला, की पाणी त्या तीन किलोमीटरमध्ये तीन दिवसांहून जास्त रेंगाळतं आणि सूत्र 1.4 मिलिग्रॅम सांगतं.

या 1.4 वर मी जसाच्या तसा विश्वास ठेवणार नाही. हवा मिसळण्याचं जे ओकॉनर-डॉबिन्सचं सूत्र वापरलं, ते वाहत्या नदीसाठी आहे. इतक्या संथ पाण्यात वाऱ्याचा वाटा मोठा असतो. तो अंदाजाने धरला तर ऑक्सिजन 3 च्या आसपास येतो. तरीही मत्स्यजीवनासाठीचा 4 चा निकष चुकतोच. म्हणजे आकडा डळमळीत आहे, निष्कर्ष डळमळीत नाही. कमी प्रवाह, घातलेले बरगे आणि चालू नाला हे तिन्ही एकत्र आले की मासे धोक्यात येतात. बाहेरचं काही येऊन मिसळलं तर मग सावरायला जागाच उरत नाही.

फुगवट्यावर जलपर्णी आली की ती सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात ओळखू येते. चित्रातला एक ठिपका 10 मीटरचा असतो आणि नदी इथे शंभर मीटरच्या वर रुंद धरली, तर काठाचे मिश्र ठिपके सोडूनही मधलं हिरवं मोजता येतं. पाच दिवसांनी नवं चित्र येतं. पाणी कुठे थांबलंय हे दाखवणारा इतका स्वस्त थर दुसरा नाही. बीओडी मात्र उपग्रहातून दिसत नाही. तसं सांगणारे नकाशे हल्ली बरेच फिरतात, त्यांच्यापासून सावध राहावं.

मग आधी काय करायचं

शेरीनाल्याचं पाणी अडवून, उपसून धुळगावकडे नेऊन शेतीला देण्याची योजना सांगलीकरांना माहीत आहे. उपसा करून वळवणं आणि सगळ्या पाण्यावर प्रक्रिया करणं असे दोन मार्ग मॉडेलमध्ये 175 क्युसेकला घालून बघितले. 80 टक्के पाणी वळवलं आणि 20 टक्के तसंच नदीत गेलं, तर बीओडी 3.3 राहते, म्हणजे निकष चुकतो. सगळ्या 15 एमएलडीवर प्रक्रिया करून 10 मिलिग्रॅमचं पाणी सोडलं तर 2.75, म्हणजे निकषात. उरलेला पाचवा हिस्सा किरकोळ वाटतो, पण उन्हाळ्यात खेळ त्याच्यावरच ठरतो. वीज गेली, पंप बंद पडला की तो पाचवा हिस्सा पाच हिस्से होतो. त्यामुळे उपसा केंद्राला दुहेरी वीजपुरवठा आणि राखीव पंप या बाबी अंदाजपत्रकात शेवटी काटछाट करण्याच्या नाहीत.

इथे नकाशाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला या सगळ्यात मोलाची वाटते. वरून येणारं पाणी 2.5 वर असेल तर सांगलीच्या वाट्याला फक्त अर्धा मिलिग्रॅम मोकळा राहतो. सातारा, कराड आणि नदीकाठच्या गावांचं सांडपाणी, गळीत हंगामात कारखान्यांकडून येणारं जे काही असेल ते, हे आवरून सांगलीच्या वेशीवर 1.5 चं पाणी आलं, तर निकषासाठी लागणारा प्रवाह 1,440 वरून 480 क्युसेकवर येतो. आणि त्या पाण्यात 80 टक्के वळवण्याचा मार्गही 2.3 वर येऊन पास होतो. सांगलीच्या नाल्याचं अर्धं उत्तर कराडच्या बाजूला आहे. महापालिकेच्या हद्दीपाशी कापलेल्या नकाशात हे कधीच दिसलं नसतं. दोन जिल्हे, अनेक नगरपालिका आणि मंडळाची वेगवेगळी प्रादेशिक कार्यालयं यांनी एकाच साखळीवर आपापले आकडे बसवायला हवेत. हे तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, एका सामायिक फाइलचं काम आहे. अडतं ते मनुष्यबळावर आणि ती फाइल कुणाची यावर.

जागा निवडताना महापुराचा थर घातल्याशिवाय पुढे जाऊच नये. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. उपसा केंद्र नाल्याच्या मुखाशीच लागतं, म्हणजे सखल जागी. तिथे मोटर आणि पॅनेल किती उंचीवर बसवायचे हे 2019 च्या रेषेवरून ठरवावं. प्रक्रिया केंद्राला तर नदीकाठाचा हट्ट धरायचं कारणच नाही.

मॉडेलची एक मर्यादा घाटावर येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. हे गणित धरतं की नाला मिळाल्याबरोबर पाणी पूर्ण मिसळलं. तसं होत नाही. रुंद, संथ नदीत नाल्याचं पाणी बराच वेळ आपल्याच काठाला चिकटून जातं. पुलावरून बघितलं तर काळसर पट्टा वेगळा दिसतो. त्याच काठावर घाट असेल, तर तिथे अंघोळ करणाऱ्याला 3.5 चं पाणी मिळत नाही, त्याहून कितीतरी वाईट मिळतं. म्हणून पुलाच्या मधोमध बादली सोडून घेतलेला नमुना घाटाबद्दल काही सांगत नाही.

वेळेचंही तसंच आहे. शेवाळ आणि जलपर्णीच्या पाण्यात ऑक्सिजन दिवसरात्र बदलत राहतो. शेवाळलेल्या पाण्यात दुपारी भरपूर दिसतो, पहाटे तळाला जातो, आणि मासे मरतात ते पहाटे. दुपारी बाराला घेतलेला नमुना बरा आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यासाठीची मागणी थोडकी आहे. एप्रिल-मेमध्ये बरगे घातलेले असताना, सूर्योदयाच्या आधी, नाल्याच्या वर, नाल्याखाली दोन्ही काठांना आणि बंधाऱ्याच्या मागे ऑक्सिजन आणि तापमान मोजावं. बीओडीचे नमुने त्याच वेळी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावेत. सोबत बंधाऱ्यावर बरगे कधी घातले आणि कधी काढले याची तारीखवार नोंद हवी, नुसता शेरा नको, किती गाळ्यांत किती बरगे हेही हवं. धरणातून सोडलेले क्युसेक रोज जाहीर होतात, बरग्यांची नोंद मात्र बंधाऱ्यावरच्या वहीत राहते. ती वही मिळाली की वरच्या हिशेबातल्या धरलेल्या खोली आणि गतीच्या जागी खरे आकडे भरता येतील, आणि 1.4 खरं की 3 खरं याचा निकाल एका हंगामात लागेल.